बारा ते दोन

बारा वाजले की आमच्या ऑफिसच्या भिंतीवरचा कॉम्प्युटरचा पडदा लालेलाल! सान रोकेच्या आरोग्यकेंद्राचा राखणदार एउलोहियो, मानाने डॉन एउलोहियो, जेवून आडवा पडायच्या आधी कचेरीचं मेन बटण खाली करतो. यंत्रांनाही दुपारची झोप हवी म्हणे. इकडे राजधानीत, असुन्सिओनला, केंद्रांच्या यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरला वाटतं अकरा कॉम्प्युटर मेले, आणि माझा फोन बोंबलत सुटतो. लसींच्या फ्रिजचं बटण वेगळं आहे, तेवढं नशीब.

"अहो, त्या म्हाताऱ्याला सांगा ना!" मी दहादा म्हटलं.

आमचे साहेब डॉन सिरिलो नळीने गार तेरेरेचा काढा ओढत म्हणाले, "पंधरा वर्षांची सवय आहे, नेलिदा. तू त्या केंद्राच्या सगळ्या धोक्याच्या सूचनाच बारा ते दोन बंद कर."

"आणि फ्रिज? निदान तेवढा वगळते. अर्धा दिवस लागेल."

"फ्रिजला काय धाड भरलीय? आणि अहवाल कोण, तुझी आजी लिहिणार? सगळं बंद कर, मला सुखाने जेवू दे."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घ्या, जाऊ दे खड्ड्यात! आणि केलं बंद. दोन महिने पडदा हिरवागार. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे.

गेल्या शुक्रवारी एउलोहियो लग्नाला गेला, मेव्हण्याला बसवून. बटण खाली कर, एवढंच सांगितलं. कुठलं, ते नाही. त्याने दोन्ही केली, आणि उठल्यावर वर केलं एकच, कचेरीचं. आमचं सॉफ्टवेअर वस्तू बंद पडते तेव्हा एकदाच ओरडतं. ते ओरडलं साडेबाराला, मी त्याचं तोंड दाबलेलं असताना. एक वाजता आमचं ऑफिस सुटलं, शनिवार-रविवारसाठी.

काल सोमवारी सकाळी तिथल्या नर्सचा, सुनिल्दाचा फोन. "फ्रिज उकडतोय गं! गोवराच्या सगळ्या लसी गेल्या. बाहेर चौतीस आया पोरं घेऊन उभ्यात, काही तर पहाटेपासून चालत आल्यात. पलीकडच्या गावात गोवर पसरलाय, आणि पुढची पेटी यायला तीन आठवडे!"

मी साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "सॉफ्टवेअर बिघडलं होतं, असं लिही."

लाज कशी नाही वाटत यांना! पण सूचना बंद करायचं बटण तर माझ्याच बोटाने दाबलं होतं. मी सुनिल्दाला परत फोन लावला.

"त्या आयांना सांग, फ्रिजची सूचना नेलिदाने बंद केली होती."



"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तूच ये, आणि तूच सांग."