मखमलीतली तक्रार

नाटकातल्या राजासाठी शिवलेला मखमली झगा मांडीवर आणि कात्रीची पिशवी पायाशी घेऊन ती मेंदूविकारतज्ज्ञांच्या प्रतीक्षालयात बसली होती, आणि तिच्या एका बाजूला बसलेला नवरा व दुसऱ्या बाजूला बसलेली नणंद तिच्या डोक्यावरून तिच्याच प्रकृतीविषयी भांडत होते.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होते. मज्जातंतूंवरचे आवरण जागोजागी झिजवणारा आणि कोणत्या दिवशी कोणता अवयव असहकार पुकारील याचा थांगपत्ता लागू न देणारा हा आजार. त्याची अर्धी हकीकत यंत्रांना दिसते. उरलेली अर्धी रोग्याने स्वतः सांगावी लागते. म्हणून रुग्णालयाने तिच्या फोनवर एक प्रश्नावली बसवून दिली होती. दर रविवारी फोन विचारी: थकवा किती, तोल कसा, बोटे कशी, नजर कशी. दर रविवारी ती उत्तर देई: उत्तम. आणि तरीही गेले काही महिने, नाटकांचे कपडे शिवणाऱ्या त्या कारखान्यात दुपार कलली की तिच्या हातातली कात्री खडूची रेघ सोडून भलतीकडे जाई आणि उजवे पाऊल फरशीला चिकटून बसल्यासारखे होई. ती तिथली कटिंग मास्टर होती. आज पुन्हा ‘उत्तम’ ठरले, तर औषध आहे तेच राहणार होते आणि पुढची भेट सहा महिन्यांनी. तोपर्यंत कात्री हातात राहील का, हा एकच प्रश्न तिला छळत होता, आणि तोच ती कोणापुढे उच्चारीत नव्हती.

“ही खोटं बोलते,” नणंद म्हणाली. “फोनलासुद्धा वाईट वाटू नये म्हणून.”

“ताई, फोनला वाईट वाटत नाही.”

“तुला काय माहीत? तुला माणसांचं तरी कुठे कळतं?”

“खोटं नाही हो, वन्सं,” ती मधूनच म्हणाली. “उत्तर देताना मला खरंच बरं वाटत असतं.”

“आणि संध्याकाळी माझ्या खांद्यावर रेलून जिना चढतेस, तेव्हा?” नवऱ्याने विचारले.

“तेव्हा बरं नसतं. पण तेव्हा मला कोण विचारतं?”

नवरा हवामान केंद्रात निरीक्षक होता. पुराव्यावाचून ढगाला ढग म्हणण्याचीही त्याची तयारी नसे; त्यामुळे बायकोचा शब्द आणि बायकोचेच उत्तर यांपैकी कोणते प्रमाण मानावे, या पेचात तो सापडला होता. नणंदेला असला पेच पडत नसे. ती दोन्हीही मानीत नव्हती.

प्रतीक्षालय मात्र इतके गार होते की जणू रोग्यांना तपासायचे नसून टिकवून ठेवायचे होते. ती कुडकुडू लागली.

“घाल तो झगा,” नणंद म्हणाली.

“राजाचा आहे तो, वन्सं. दुपारी पोचवायचाय.”

“राजा काय इथे बघायला येतोय?”

झगा अंगावर चढला. आतून दुहेरी अस्तर, काठाला नकली फर, गळ्यापर्यंत पितळी बटणे. ऊब लागली तशी तिला हुशारी आली, आणि हुशारीपाठोपाठ खोडकरपणा. ती उठली, छाती काढून खोलीच्या टोकापर्यंत चालत गेली आणि वळून गरजली, “कोण आहे रे तिकडे?”

“आज्ञा, महाराज!” स्वागतकक्षातली मुलगी तत्परतेने उठून म्हणाली. कोपऱ्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी हातातली काठी तलवारीसारखी उंचावून मुजरा केला.

“या बाईंनी आमच्यावर खोटेपणाचा आरोप केला आहे. यांना देशोधडीला लावा!”

“लावा की,” नणंद म्हणाली. “स्वयंपाकाची सुट्टी तरी मिळेल.”

“आणि या निरीक्षकांनी?”

“महाराज, यांनी काल पाऊस नाही म्हणून सांगितलं, आणि माझी सगळी धुणी भिजली!” नणंदेने फिर्याद मांडली.

“‘शक्यता कमी’ म्हटलं होतं,” निरीक्षक कळवळून म्हणाले. “कमी! नाही नव्हे!”

सबंध खोली हसत होती. महाराज दरबारात फेऱ्यांवर फेऱ्या घालीत होते, शिक्षा फर्मावीत होते, माफ करीत होते. मुखावर लाली चढली होती, कपाळावर घाम डवरला होता. आणि अशा ऐन वैभवात महाराजांचे उजवे पाऊल झग्याच्या काठात अडकले. त्यांनी ते उचलू पाहिले. पावलाने आज्ञा मानली नाही. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे धुक्यात गेले. महाराज मट्कन काठीवाल्या गृहस्थांच्या शेजारी बसले.

नवरा धावला. “काढ, काढ तो झगा आधी!”

“थांबा! हात लावू नका.” ती स्वतःच्या बोटांकडे टक लावून पाहत होती. “अहो, दुपार झाली.”

“अगं, सकाळ आहे.”

“बाहेर असेल. माझ्या अंगात दुपार झालीय. हेच ते! कारखान्यात इस्त्र्यांच्या उकाड्यात रोज होतं, ते हेच!”

नवरा आहे तिथेच खिळला. मग एखाद्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे त्याने सावकाश विचारले, “रविवारी फोनला उत्तर कधी देतेस?”

“आंघोळ झाल्यावर.”

“गार पाण्याची?”

“गारच. तेव्हाच तर बोटं नीट चालतात. अक्षरं स्वच्छ दिसतात. नाहीतर भलतंच बटण दाबलं जातं.”

निरीक्षकांनी कपाळावर हात मारून घेतला. “म्हणजे पहाटेचा एकच आकडा पाठवून ‘इथे ऊन पडत नाही’ असं कळवत होतीस! मी असं केलं असतं तर मला कामावरून काढलं असतं! आणि मी रोज घरातच... माझ्या नाकासमोर...”

“आणि मी हो?” ती म्हणाली. “आरशासमोर ताठ उभं राहून गिऱ्हाईक ‘छान बसलाय’ म्हणालं तर मी कधी ऐकते का? बसा म्हणते, वाका म्हणते, हात वर करा म्हणते!”

प्रथम नणंदेला हसू फुटले, मग तिला, मग दोघींकडे पाहून त्यालाही. आजार तसूभरही कमी झाला नव्हता, पण इतके दिवस चकवणाऱ्या चोराची पाऊलवाट सापडावी तसा आनंद तिघांच्या डोक्यात शिरला होता. तेवढ्यात आतून तिचा पुकारा झाला.

तिचा हात सवयीने गळ्याच्या बटणाकडे गेला.

“खबरदार, एक बटण काढशील तर!” नवरा ओरडला.

“आतही गारठाच असेल,” नणंद म्हणाली. “निवायच्या आत पोचवा हिला!”

दोघांनी तिला दोन्ही काखांत धरले आणि राजेसाहेबांची स्वारी अर्धी चालत, अर्धी फरफटत डॉक्टरांच्या दालनात दाखल झाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा सावरला. “बसा, महाराज. तुमची सगळी उत्तरं उत्तम आहेत.”

“ती आंघोळीची उत्तरं आहेत, डॉक्टर. दुपारची मी अंगावर घालून आणलीयत.”

मग तिघेही एकदम बोलू लागले. डॉक्टरीणबाईंनी दोघांना हाताने गप्प केले, तिसरीचे सगळे ऐकून घेतले आणि तिला बोळात नेऊन चालायला सांगितले. ती चालली. पाऊल घासत गेले.

“बघा!” परीक्षेत पहिला नंबर आल्याच्या आवाजात ती म्हणाली. “उचलतच नाही!”

नणंदेने टाळ्या वाजवल्या. अंगठ्याला एकेक बोट टेकवण्याची वेळ आली तेव्हा बोटे एकमेकांना चुकवू लागली. “आणि हे तर त्याहून वाईट! अहो, बघितलंत का?”

“बघितलं, बघितलं! फारच वाईट!” नवरा अभिमानाने म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरले नाही. पण खुर्चीत परत बसल्यावर त्यांचा स्वर बदलला.

“उष्णतेने नवी इजा होत नाही. अंग निवलं की हे ओसरेल. पण कुठली वाट अरुंद झालीय ते उकाडा दाखवून देतो, आणि हा पाय, ही बोटं माझ्या नोंदीत नव्हती. पहिल्या भेटीत मी विचारलं होतं तुम्हाला, उकाड्याने त्रास होतो का म्हणून. आठवतं काय म्हणालात?”

“काय?”

“‘उकाड्याचा त्रास कोणाला होत नाही?’”

नणंदेने विजयी मुद्रेने भावाकडे पाहिले.

“याच आठवड्यात मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय करा. तो जुन्याशी ताडून बघू, मग औषध बदलायचं का ते ठरवू. पुढची भेट सहा महिन्यांनी नाही, पुढच्या आठवड्यात. टेबल इस्त्र्यांपासून लांब घ्या. आणि फोनला उत्तर सकाळी एकदा, दुपारी एकदा.”

मग कोणाकडेही न पाहता तिने विचारले, “कात्री राहील का हो माझ्या हातात?”

नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिले. हा प्रश्न त्याने आज प्रथमच ऐकला होता.

“आज सांगता येत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण आता निदान त्याच प्रश्नामागे लागता येईल. आजवर मी तुमच्या आंघोळीवर उपचार करत होते.”

हे ऐकून तिला जे हसू लोटले, त्यात डोळेही भरून आले, आणि ते घाम समजून तिने फरच्या काठाने पुसून टाकले.

बाहेर आल्यावर झगा उतरला. थोड्या वेळाने घड्याळाचे काटे स्वच्छ झाले, पाऊल सहज उचलले गेले.

“गेलं?” नणंद हिरमुसून म्हणाली. “आत्ता तर इतकं छान बिघडलं होतं!”

“येईल हो, वन्सं. कारखान्यात या दुपारी.”

रस्त्यावर येताच तिने फोन काढला आणि नाटकातल्या राजाला गाठले. “झगा घेऊन येतेय. परवा घालून बघितलात तेव्हा कसा वाटला?”

“उत्तम, मास्टर!”

“आरशासमोरचं नको. तलवारीचा सगळा प्रसंग करताना घातला होता का? दमून, घामाघूम होऊन?”

“खरं सांगू का? रागावणार नाही ना?”

“अहो, सांगा!”

“काखेत फार काचतो.”

“काचतो म्हणे!” तिने भर रस्त्यात नवऱ्याला हलवून सांगितले, आणि कात्रीची पिशवी खांद्यावर टाकून ती दोघांच्याही पुढे निघाली.