सतरा नंबरचं डोकं

१९७४ साली डॉक्टर मोहियोद्दीन मेंदूचे आलेख काढायचं यंत्र जीपमध्ये घालून गोरेगाव नावाच्या खेड्यात आले. वयाबरोबर मेंदू कसा बदलतो हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्याच चाळीस माणसांची डोकी दरवर्षी तपासायची होती. शेतमजुरी करणाऱ्या सोजराबाईंचा नंबर सतरा. त्या दिवशी त्या जाऊ मालनबाईंशी कोंबडीवरून कडाकडा भांडल्या आणि तशाच शाळेच्या खोलीत येऊन बसल्या. डोक्याला तारा चिकटवल्या, कागदावर लेखण्या धावल्या. डॉक्टरांनी कडेला नोंद केली : जावेशी भांडण, बाहेर शेळी ओरडत होती.

पुढच्या साली सोजराबाईंच्या लाटा निम्म्यावर आल्या. डॉक्टर काळजीत पडले.

"मेंदू बदलला की भांडण मिटलं, हे कळायचं कसं? सगळं पहिल्या सालासारखंच पाहिजे. सोजराबाई, जावेशी भांडून घ्या."

"आता काहून? कोंबडी तर कवाच मेली."

तरी मालनबाईंना बोलावणं गेलं. शेळी आणून खिडकीला बांधली. डॉक्टर घड्याळ घेऊन उभे राहिले.

"तुझी कोंबडी माझ्या ज्वारीत..." एवढं बोलून मालनबाई पदरात तोंड घालून हसायला लागल्या. सोजराबाईंनाही हसू आवरेना. शेळीला चारा मिळाला होता, ती गप्प. आलेख तिसराच निघाला.

शहात्तर साली दोघींनी आठ दिवस आधीपासून सराव केला. ऐन वेळी मालनबाई इतक्या रंगात आल्या की त्यांनी सोजराबाईंचं माहेर काढलं. लेखणी उसळून कागदाच्या बाहेर गेली. मालनबाई तणतणत घरी.

डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. "पहिल्या सालाशी काहीच जुळत नाही."

सोजराबाई केसातला चिकटा पुसत म्हणाल्या, "डाक्टरसाब, पयल्या सालचीच सोजरा खरी काहून? त्या दिवशी तर मी धड नव्हते. तिन्ही साली बसले ती मीच की. तिघींना बराबर धरा, मंग बघा."

 डॉक्टरांनी तिन्ही सालच्या आकड्यांची सरासरी काढली आणि एकेक साल त्या मधल्या रेषेशी ताडून पाहिलं. पहिलं साल जरा खाली, दुसरं फार खाली, तिसरं एकदम वर. म्हातारपणाकडं जाणारी वाट कुठंच दिसेना. उरलेल्या एकोणचाळीस डोक्यांचे कागद त्यांनी पुन्हा उघडले.

सोजराबाईंनी रेषेवर बोट ठेवलं. "ही कोन?"

"तुम्हीच. पण अशा तुम्ही कोणत्याच साली नव्हता."

"लई शांत बाई दिसून राहिली," त्या म्हणाल्या.

माहेरावरून लागलेलं भांडण मात्र खरंच निघालं. दोघी महिनाभर बोलल्या नाहीत. मग मालनबाईंची सून बाळंत झाली, तेव्हा सोजराबाई न बोलावताच गेल्या आणि लेकराला शेक द्यायला शेगडीपाशी बसल्या.