गुरुवारच्या ओव्या

“जुबेदा, धावत ये! खरखरतोय बघ, खरखरतोय!”

मित्रांनो, मी ऐकलेला हा पहिला आवाज. बाळ रडलं की घरातले हसतात म्हणे. मी खरखरलो आणि एक तिशीचा माणूस तारांना डाग द्यायची तापलेली सळई हातात तशीच धरून नाचायला लागला. सळई विजारीला लागली, विजारीला भोक पडलं, तरी नाच थांबेना. तो शमशुद्दीन. त्यानं मला घडवलं.

मी एक जुना रेडिओ आहे. कुठल्या कारखान्यात नाही, पुण्यात, मोमीनपुऱ्यातल्या दोन खोल्यांत जन्मलेला. स्वातंत्र्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. शमशुद्दीन बुधवार पेठेतल्या एका दुकानात रेडिओ दुरुस्त करायचा. लोकांचे रेडिओ बरे करता करता त्याला वाटलं, आपल्या घरी पण एक असावा. विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो मला गोळा करत गेला. माझे व्हॉल्व्ह खडकीच्या लष्करी भंगारातले. माझं सागवानी खोकं वाजवायची पेटी करणाऱ्या दिगंबरपंतांकडचं, उरल्यासुरल्या फळ्यांचं. तोंडावरचं हिरवं कापड जुबेदाच्या जुन्या लुगड्याचं. आणि काचेमागे स्टेशनांवरून फिरणारा काटा म्हणजे शमशुद्दीनच्या आईची, खातूनबींची, स्वेटर विणायची सुई. ती सुई त्या महिनाभर शोधत होत्या. ती रोज त्यांच्या डोळ्यांसमोर फिरत होती!

दिगंबरपंत मला बघायला आले. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

“शमशुद्दीन, कबुतरं कधी आणणार?”

“पंत, रेडिओ आहे हो तो.”

“असं होय. मग बरं झालं विचारलं.”

त्या काळी रेडिओचा परवाना टपाल कचेरीतून काढावा लागे. तिथल्या कारकुनानं कंपनीचं नाव विचारलं. शमशुद्दीननं स्वतःचं नाव सांगितलं. “ही कंपनी कुठली?” तर हा म्हणाला, “मोमीनपुऱ्यातली. मालक, कामगार, हमाल, सगळा मीच.” कारकुनानं तसंच लिहून घेतलं. तेवढं एक मानाचं पान माझ्या आयुष्यात आहे.

आता खरं सांगतो. शमशुद्दीननं मला केलं ते जुबेदासाठी.

जुबेदा लोणी काळभोरची. आई, मावश्या, चुलत्या, साऱ्या जात्यावर गाणाऱ्या. ही पण गायची. लग्न होऊन आली, दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसली आणि सवयीनं तोंडून ओवी गेली. खातूनबी बाहेर आल्या. “अगं, हे शहर आहे. इथं जात्यावर असं ओरडत नाहीत. गल्ली काय म्हणेल?” एवढंच बोलल्या. रागानंही नाही. पण त्या दिवसापासून जात्याची नुसती घरघर राहिली. नवरा दुकानात, सासू माळेचे मणी ओढत खाटेवर, आणि ही आपली चुलीपाशी. माणसांनी भरलेल्या गल्लीत एवढं एकटं कोणी असू शकतं हे मी नंतर तिच्याकडेच शिकलो.

माझ्यामुळे घरात थोडी जाग आली. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागला की गल्लीतल्या चारजणी उंबऱ्यावर येऊन बसायच्या. माझी एक तार अंगणातल्या मेंदीच्या झाडाशी जमिनीत पुरली होती. जमीन ओली असली की माझा आवाज स्वच्छ यायचा. शमशुद्दीननं आईला एवढंच सांगितलं होतं की तिथं पाणी घालत जा. खातूनबींनी त्याचा आपला अर्थ लावला. मी खरखरलो की त्या तांब्या घेऊन उठायच्या. “बोलून बोलून घसा सुकला असेल बिचाऱ्याचा.” दिल्लीच्या बातम्या लांबून येतात म्हणून त्यांना दोन तांबे.

एका गुरुवारी शमशुद्दीनला गंमत सुचली. गुरुवारी त्याचं दुकान बंद असे. भंगारात त्याला फौजी माणसं कानाला लावतात तसा एक हेडफोन मिळाला होता. तो माझ्या पाठीमागे जोडला आणि त्यात तोंड घालून बोललं, की ते बोलणं माझ्यातून बाहेर पडे. लांब वायर त्यानं पडद्याआड, आतल्या खोलीत नेली. आईला म्हणाला, “पंतांकडे जाऊन येतो,” आणि मागच्या दारानं आत शिरला.

दोन वाजले. मी एकदम गप्प झालो आणि मग माझ्यातून एक भारदस्त, नाकातला आवाज आला.

“श्रोतेहो, आता ऐका, लोणीकडच्या एका बाईंच्या ओव्या.”

पोटात हसू दाबत त्यानं तो हेडफोन जुबेदापुढे धरला. ती मान हलवून नको नको म्हणत होती. मग काय झालं कोण जाणे, तिनं डोळे मिटले.

*सोलापूर सडकेला गाडी चालली घुंगराची,*
*मला याद येते बाई माझ्या आईच्या अंगणाची…*

मित्रांनो, मी किती मोठमोठे गळे ऐकवले असतील! पण त्या दिवशी माझ्या भंगारातल्या व्हॉल्व्हना जी ऊब चढली, ती पुन्हा कधी चढली नाही.

खातूनबींच्या हातातली माळ थांबली. पदर डोळ्यांना गेला. आणि त्या मोठ्यांदा म्हणाल्या, “जुबेदा! अगं ये जुबेदा, कुठं उलथलीस? ऐक जरा, याला गळा म्हणतात! शीक काहीतरी!”

आत शमशुद्दीनला हसू आवरेना. तो पडदा बाजूला सारून सगळं सांगून टाकणार, तेवढ्यात जुबेदानं त्याची बाही धरली.

“नका सांगू. त्यांना कळलं तर त्यांचं ऐकनं जाईल, अन माझं गानंबी जाईल.”

“अगं, खूश होईल अम्मा!”

“बाईवर खूश हायेत त्या. माझ्यावर न्हाई.”

मग ते ठरूनच गेलं. दर गुरुवारी दोन वाजता जुबेदा ‘तांदूळ निवडायला’ आत जायची. शमशुद्दीन ‘पंतांकडे’ जायचा. खातूनबी डोकं विंचरून, धुतलेला पदर घेऊन माझ्यासमोर बसायच्या, जशी पाहुणीच येणार आहे. बाईचं नाव नव्हतं, म्हणून गल्लीत तिला ‘गुरुवारची बाई’ म्हणू लागले. एकदा खरे दिगंबरपंत त्याच वेळी दारात उभे! खातूनबी म्हणाल्या, “अहो, शमशू तुमच्याकडेच आलाय ना?” पंतांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यातून येणारा नाकातला आवाज क्षणभर ऐकला, आणि म्हणाले, “हो, माझ्याकडेच आहे. त्याला सर्दी झालीय. निघतो मी.”

असे कितीतरी गुरुवार गेले. मग एका गुरुवारी गाणं रंगात असताना वीज गेली.

माझा दिवा विझला, मी मुका झालो. पण आतल्या खोलीत दुपारचा उजेड होता, त्या दोघांना पत्ताच नाही. ओवी चालूच राहिली.

*जोंधळा पाखडीते, कोंडा उडून जाई गं,*
*मनातलं बोलायाला जवळ न्हाई आई गं…*

आवाज आता माझ्यातून नव्हता येत, पडद्याआडून येत होता. खातूनबींनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. उठल्या. पडद्याची कड बोटानं अलगद सारली. जुबेदा धान्याच्या पोत्यावर बसून, डोळे मिटून, ओंजळीतल्या हेडफोनला मनातलं सांगत होती. शमशुद्दीनला आई दिसली आणि तो दगड झाला. खातूनबींनी ओठांवर बोट ठेवलं, पडदा सोडला, आणि परत येऊन माझ्यासमोर बसल्या. मी मुका, त्याही मुक्या. ओवी संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

संध्याकाळी जुबेदा पाण्याला गेली तेव्हा शमशुद्दीन हळूच म्हणाला, “अम्मा, सांग ना तिला, एकदाच. छान गातेस म्हण.”

“म्हणेन. पळून चाललीय का ती?”

“मग आज म्हण.”

“तोंडानं नको म्हणाले, त्याच तोंडानं छान कसं म्हणू? थोडा वेळ दे मला.”

त्यानं वेळ दिला. गुरुवार पहिल्यासारखे चालू राहिले. सासूला ठाऊक, सुनेला ठाऊक नाही की सासूला ठाऊक आहे, आणि मी मधे. जगभरच्या बातम्या सांगणारा मी. खाटेपासून चुलीपर्यंत, सहा पावलांवर, एक वाक्य पोचवू शकत नव्हतो.

त्या साली हिवाळ्यात शमशुद्दीनला ताप आला. तीन दिवसांत तो गेला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. चार महिने दहा दिवस जुबेदा नवऱ्यामागची इद्दत पाळत बसली, घराबाहेर पाऊल नाही. मला कोणी लावलं नाही. हिरव्या कापडावर धूळ बसली. झुरळांनी माझ्या पोटात संसार थाटला. ते सगळं चाललं असतं, पण गुरुवार चालत नसे. गुरुवारी दोन वाजता खातूनबी येऊन माझ्यासमोर बसायच्या, बटणाला हात न लावता. आतून जुबेदा बघायची. तिला वाटे, म्हातारी त्या बाईची वाट बघतेय आणि आपण तिला आणू शकत नाही. मेंदीच्या मुळाशी पाणी मात्र खातूनबी रोज घालत होत्या.

मित्रांनो, आज मी वारजेत एका चौथ्या मजल्यावर, काचेच्या कपाटात असतो. जुन्या बाजारातून मला इथं आणलं. पाहुणे आले की मालक म्हणतात, “अँटिक आहे, चालत नाही.” माझे व्हॉल्व्ह आता कुठं मिळत नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. तुमच्या घरी असा एखादा मुका डबा असेल तर त्याला महिन्यातून एकदा कोरडं फडकं फिरवा, आत झुरळं जाऊ देऊ नका. आमची देखभाल एवढ्यावर भागते. माणसांचं मात्र पुसून भागत नाही, त्यांच्याशी बोलावं लागतं. हे मी खातूनबींकडून शिकलो, त्याही फार उशिरा शिकल्या.

इद्दत संपली त्या सकाळी जुबेदाचा भाऊ मैनुद्दीन लोणीहून तिला न्यायला आला. पोर ना बाळ, इथं राहून करायचं काय, असं माहेरी ठरलं होतं. पत्र्याची पेटी भरून दाराशी ठेवली होती. तो टांगा बघायला नाक्यावर गेला आणि दोघी घरात राहिल्या.

खातूनबी उगाच इकडचं तिकडे करत होत्या. “चटणी घेतलीस? डब्याचं झाकण सैल आहे, फडकं बांध. तिकडं गेल्यावर ऊन डोक्यावर घेऊ नकोस.”

“व्हय, अम्मा.”

“आणि हा रेडिओ घेऊन जा.”

“ऱ्हाऊ द्या की. तुमाला लागंल. गुरुवारचं…” जुबेदा अडखळली. “गुरुवारी तुमी बसता त्याच्याम्होरं.”

“मला काय करायचाय? त्यात गाणारी बाई तर तूच घेऊन चाललीस.”

जुबेदाच्या हातातलं फडकं खाली पडलं. गल्लीत कुणाची तरी सायकल वाजत गेली.

“तुमाला… कवापास्नं?”

“वीज गेली होती बघ एकदा. डबा बंद आणि गाणं चालू. मी पडदा सारून बघितलं.”

“मंग म्हनाल्या का न्हाई? एवढे गुरुवार! मी आत बसून कान लावायची, अम्मा आज काय म्हनत्यात. त्या बाईला किती चांगलं म्हनायच्या तुमी.”

“त्या बाईला म्हणणं सोपं होतं गं. तिला मी कधी गप्प बसवलं नव्हतं.” खातूनबी खाटेची कड धरून खाली टेकल्या. “शमशू रोज म्हणायचा, सांग. मी म्हणायचे, थांब. तो थांबला नाही. आता तूही पेटी भरलीस.”

जुबेदा उभीच होती. बाहेर टांगा येऊन थांबल्याचा आवाज झाला. मैनुद्दीननं हाक मारली, “आपा, चल!”

खातूनबींनी माझ्याकडे पाहिलं, जुन्या सवयीनं. मग मान वळवली आणि पहिल्यांदाच सुनेच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या,

“जुबेदा, फार गोड गातेस गं तू.”