हिरव्या तेलातले बोंबील

मालाडच्या हर्बर्टची विहीर सरकारी खात्याने शेवाळापासून तेल काढायला 'थोडे दिवस' घेतली आणि पाण्यावाचून त्याच्या मळ्यातला सगळा पालक सुकला.

"अरे, देशाचं आता अरबांवाचून अडणार नाही," खात्याचे चंद्रप्रकाश साहेब म्हणाले.

शेवाळ ढवळायला डिझेलचा पंप दिवसभर धडधडायचा. अखेर बाटलीभर तेल निघालं. ते बघायला दिल्लीचे पाहुणे आले, तर बाटलीच रिकामी!

"तेलच ना ते?" हर्बर्टची बायको मेबल म्हणाली. "पाहुण्यांचे बोंबील तळले त्यात."

पाहुण्यांनी बोटं चाटत प्रयोग यशस्वी ठरवला.

"मग साहेब, माझी विहीर सोडता ना?" हर्बर्टने विचारलं.

"सोडतो कसला? शेजारचीही घेऊ. फक्त डिझेल वाढवून मिळायला हवं."