खणखणीत आणि बद्द

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. वजन पाव किलो, तोरा मणाचा! ट्रॅक्टरच्या कारखान्यात, ओतकामाच्या शेडमध्ये माझी हयात गेली. खिळे ठोकणारे हातोडे वेगळे. गिअरपेटीचे ओतीव कवच थंड झाले, की मी त्यावर हलका टोला द्यायचा. खणखणीत वाजले तर पुढे पाठवायचे. बद्द वाजले तर आत तडा आहे, पुन्हा भट्टीत.

माझे धनी तपासनीस. सारे त्यांना कानसेनकाका म्हणत. कान इतका तिखट, की तीन कोसांवर मडके तडकले तरी ते इथून "बद्द!" म्हणून ओरडत. खोटे वाटत असेल तर त्या मडक्याला विचारा.

पुढे मालकांना घाई सुटली. तड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर चकचकीत रंग फासू लागले. काका भांडले, तर मालक म्हणाले, "अहो, शेतकरी काय हातोडा घेऊन फिरतो? आपल्याला सोडून जाणार कुठे?"

तो गेला. चिनी ट्रॅक्टर आले, तेही निम्म्या किमतीत.

मग मालकांनी एक चिनी ट्रॅक्टर खोलवला. त्याचे कवच साखळीला टांगले, शेजारी आमचे टांगले आणि विक्रेत्यांना बोलावले. काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांचं बद्द म्हणायचं. नाहीतर ओतकामाला कुलूप. जावईबापू भट्टीवरच आहेत ना तुमचे?"

काकांनी मला उचलले. मी मनात म्हणालो, देवा, तडा असू दे रे! पण चिनी कवच देवळातल्या घंटेसारखे घुमले.

काकांनी मान खाली घातली. "बद्द."

मग एक म्हातारा विक्रेता पुढे आला. "काका, आम्हांलाही कान दिलेत देवानं. आणा इकडे." त्याने मला घेतले आणि आमच्या कवचावर हाणले. मालकांनी निवडून सर्वांत चकचकीत टांगले होते. म्हणजे सर्वांत जास्त लांबी भरलेले. असे वाजले, जणू कोणी उशीवर बुक्की मारली. विक्रेते हसलेही नाहीत. चपला घालून निघून गेले.

भट्टी विझली. आता त्याच शेडमध्ये तयार चिनी ट्रॅक्टर उतरतात. काकांचे जावई माझ्याच टोल्यांनी त्यांच्यावर आमच्या कारखान्याची पाटी ठोकतात. नोकरी वाचली म्हणायची! काका घरी असतात. हाक मारली तर ओ देत नाहीत. लोक म्हणतात, कान गेले.

मित्रांनो, मला तेल लावू नका, पुसूही नका. फक्त आपल्या घरचे काही बद्द वाजले, तर तेव्हाच बोला. पाहुण्यांसमोर वाजेपर्यंत थांबू नका.