न सुटणारा पट्टा

"तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणूनच सांगतो," ट्यूबआप्पा म्हणाला. "विश्वास ठेवणाऱ्याला सांगण्यात मजा ती काय?"

पंक्चर काढायच्या आणि ताडपत्र्या शिवायच्या त्याच्या दुकानात, समोरच्या बाकावर ट्रकचा ड्रायव्हर बसला होता. त्याच्या ट्रकचं मागचं चाक उतरवलेलं होतं, म्हणजे तो कुठे पळून जाणार नव्हता. आप्पाला असाच श्रोता लागायचा. एकदा आपण ट्यूबमध्ये इतकी हवा भरली की ती आपल्याला घेऊन पत्र्यावर जाऊन बसली आणि खिळा टोचल्याशिवाय उतरेना, ही गोष्ट त्याने गेल्या तीस वर्षांत निदान हजार जणांच्या गळी उतरवली होती. पत्र्यावर घालवलेल्या दिवसांचा आकडा दरवर्षी वाढत गेला होता.

"मग काय झालं?" ड्रायव्हरने जांभई देत विचारलं.

आप्पाने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. दारात त्याची पुतणी उभी होती. तिच्या काखेत एक भलीमोठी काळी ट्यूब होती, भोवती विटलेलं खाकी कापड, मधोमध कॅनव्हासची बैठक, आणि ती बैठक एका बाजूने उभी चिरलेली.

"काका, माळ्यावर सापडली. आई हात लावू देत नव्हती, भांडून आणली. बैठक शिवून द्या आणि हवा धरते का तेवढं बघा. रविवारी मी तळ्यावर जातेय."

आप्पाच्या हातातली कानस खाली पडली. त्याने वाकून ती उचलली, जरा जास्तच वेळ लावून.

"तुला पोहता तरी येतं का गं, चिमणे?"

"मैत्रिणीच्या ट्यूबवर चार रविवार काढलेत. पायात बदकासारखे रबरी पंजे घालून मागे मागे जाते. हसू नका, दोन मासेही धरलेत."

"दोन! तुझा बाप पहिल्या वर्षी एक बूट घेऊन आला होता. तोही डाव्या पायाचा."

ती हसली. हे हसू आप्पाचं शेवटचं धन होतं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही, भावजय दारातून बोलून दारातूनच जाणारी. दर आठवड्याला दुकानात येऊन, "काका, नवीन काय थाप?" असं विचारणारी ही एकटीच. तिच्यासाठी तो आठवडाभर थापा जुळवून ठेवायचा, जशी एखादी आजी लाडू ठेवते.

त्याने ट्यूब मांडीवर घेतली. ती त्याच्याच हातची होती. ट्रकची जुनी ट्यूब, तंबूचं कापड, दोन पाय घालायला दोन भोकं, आणि दोन मांड्यांच्या मधून जाणारा रुंद पट्टा. पट्ट्याला चाप. माणूस त्यात बसायचा, कमरेपर्यंत पाण्यात, हातात गळाची काठी. धाकट्या भावाने, हिच्या बापाने, चित्र दाखवलं होतं आणि आप्पाने आठ दिवसांत ट्यूब उभी केली होती. ओढला की सुटणारा चाप लावायचा, हेही त्या चित्रात होतं. ट्यूब उलटली तर एका हाताने सुटता यायला हवं, असं धाकट्याने त्याला दोनदा समजावलं होतं.

मग एक दिवस धाकटा आला आणि म्हणाला, "दादा, चाप सैल झालाय. बसलो की मधेच सुटतो, मी ढुंगणावर पाण्यात." नवा चाप बाजारात मिळाला असता, पण आप्पा म्हणाला, "थांब, पक्कं करून देतो." ताडपत्रीच्या दोऱ्याने, दुहेरी टाका घालून, त्याने तो पट्टा कायमचा शिवून टाकला. चाप काढून टाकला. दात लावून दोरा तोडला आणि म्हणाला, "आता बैल लावले तरी सुटणार नाही." धाकट्याने ओढून पाहिलं, पाठीवर थाप मारली आणि गेला.

त्या वर्षी तळं गवताने भरलं होतं. म्हणून धाकटा नदीत उतरला. बंधाऱ्याखाली पडलेल्या झाडाच्या फांद्यांत ट्यूब अडकली आणि उलटली. काढणाऱ्यांनी सुरीने बैठक चिरली तेव्हा कुठे तो निघाला. पट्टा तसाच होता. टाकासुद्धा उसवला नव्हता.

नदी, झाड, नशीब, सगळ्यांना बोल लावून झाला. पट्ट्याकडे कुणी पाहिलं नाही. पाहिलं ते एकट्या आप्पाने. पुतणी तेव्हा सहा वर्षांची होती. "बाबा कुठे गेले?" असं तिने विचारलं, आणि आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाला नेमकं तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. त्याने तिला मांडीवर घेऊन एका माशाची गोष्ट सांगितली.

आता त्याने बैठकीचा चिरलेला भाग बाजूला ठेवला. आधी पट्टा उचलला आणि कात्री घेतली.

"काका, तो कशाला कापताय? फाटलीय ती बैठक. पट्टा तर दगडासारखा आहे."

"जुना झालाय."

"ओढून बघा ना. एक टाका हलत नाही."

"माहीत आहे मला!" आप्पा ओरडला. ड्रायव्हर बाकावर सरळ बसला. आप्पाने घसा साफ केला. "म्हणजे, आजकाल ओढला की सुटणारा चाप लावतात. नवी पद्धत आहे."

"मैत्रिणीच्या ट्यूबला आहे तसला. ती म्हणाली, पहिल्यापासून तसलाच असतो. त्याच्याशिवाय कुणी पाण्यात उतरत नाही."

कात्री पट्ट्यावर चालेना. दोरा चिवट होता. पुतणी खाली बसली, पट्टा बोटांत धरला आणि टाके बघू लागली. दुहेरी, तिरपे, एकसारखे. असे टाके दुकानातल्या प्रत्येक ताडपत्रीवर होते.

आप्पाने ते पाहिलं आणि घाईघाईने ड्रायव्हरकडे वळला.

"तर मी काय सांगत होतो! हिचा बाप. माझा धाकटा भाऊ. ह्याच ट्यूबमध्ये बसलेला. आणि गळाला लागला कोण? मिशाळ मासा! लांबीला ह्या दुकानाच्या फळीएवढा. मिशा म्हणाल तर तुमच्या ट्रकचा दोरखंड."

"मासा?" ड्रायव्हर म्हणाला. "का मगर?"

"मगर त्याला काका म्हणेल! त्याने जो हिसका दिला, ट्यूब सुसाट. धाकटा काही काठी सोडेना. आमच्या घराण्यात सोडायची सवयच नाही. मी काठावरून ओरडतोय, अरे सोड, अरे सोड. मासा त्याला ओढत प्रवाहाच्या उलट, बंधाऱ्यावरून उडी मारून वर! आणि जाता जाता आमच्या धाकट्याने काय करावं?"

"काय?"

"हसला. माझ्याकडे बघून हसला. सगळे दात मोजता येतील असा. भिऊन नाही, बरं का. मजेत. अगदी मजेत गेला तो." आप्पाचा आवाज चिरकला, तरी तो थांबला नाही. "सुखात गेला. त्याला काही, त्याला काही कळलंसुद्धा नाही."

ड्रायव्हर हसायच्या बेतात होता, पण पुतणीकडे पाहून तो आपल्या चाकाकडे बघू लागला.

तिने पट्टा सोडला नव्हता.

"काका," ती म्हणाली, "मासा खोटा आहे हे मला आठव्या वर्षीच कळलं. त्याचं मला काही नाही. पण बाबा हसत होते, एवढं मी खरं धरून चालले. परीक्षेला जाताना, आई रडायची तेव्हा, दर वेळी तोच चेहरा डोळ्यांपुढे आणायचे."

"मग बरोबरच आहे की, चिमणे."

"नाही, काका. मासा ओढतो तेव्हा ट्यूबमध्ये माणसाचं तोंड माशाकडे असतं. गेल्या रविवारी मलाच ओढलं ना जरासं. काठावरच्यांना आपली फक्त पाठ दिसते."

आप्पाने कात्री उचलली, पुन्हा ठेवली.

"तुम्ही खोटं बोलताय, काका. त्या दिवशी तुम्ही काठावर नव्हतातच. इथेच होतात, ह्याच दुकानात. मासा राहू दे, हसणं राहू दे. हा पट्टा कुणी शिवला, ते सांगा."