रुपालीच्या घोळण्याचा पंचा

मी पंचा बोलतोय. आधीच कबूल करतो, मी भित्रा आहे. रक्त दिसलं की मला स्वतःचीच घडी घालून लपावंसं वाटतं.

माझा जन्म बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यातल्या एका लूमवर झाला. काठ जरा वाकडा गेला, म्हणून विणणाऱ्या कौतिकनेच मला घरी नेलं. तेव्हापासून नाक, तोंड, चहाचं पातेलं, सगळं माझ्याच अंगाला. नवा टॉवेल मात्र पाहुण्यांसाठी कपाटात! माणसांची तऱ्हाच न्यारी.

वैशाखात बुऱ्हाणपूर असं तापतं की नाकं आतून कोरडी पडतात. त्यात कौतिकची बारा वर्षांची रुपाली नाकातल्या खपल्या कोरत बसते. एका दुपारी तिचा घोळणा फुटला. तिच्या आईने, आशाबाईने, तिला उताणं निजवलं. कौतिकने लूमवाल्यांची रीत केली, सुताचा बोळा नाकात कोंबला.

"थांबलं, पाह्य," तो म्हणाला.

कुठलं थांबलं! पोर गटागटा रक्त गिळत होती आणि तिच्या उशाशी पडून मी ते बघत होतो. मला तोंड असतं तर गल्ली डोक्यावर घेतली असती.

मग त्याने बोळा ओढला. धरलेली खपली उपटून निघाली, पुन्हा धार लागली, आणि रुपालीला काळपट रक्ताची उलटी झाली. माझ्यावरच. मला वाटलं, गेली पोर.

"आई, मी मरून जाईन का?"

आशाबाईने हंबरडा फोडला, तशा शेजारच्या नर्स प्रतिभाताई धावत आल्या. "झोपवलं कशाले? पहिले बसव तिले! घाबरू नको बेटा, पोटात गेलेलं रक्त बाहेर आलं. पुढे वाक, तोंडाने श्वास घे." त्यांनी नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत दाबला. "दहा मिनिटं सोडायचं नाही. वीस मिनिटांत नाही थांबलं, तर सीधा दवाखाना."

चौथ्याच मिनिटाला कौतिक म्हणाला, "जरा पाहू का?"

"हात तर लाव!"

प्रतिभाताईंनी पुरी दहा मिनिटं चिमटी सोडली नाही. शेवटी रक्त थांबलं.

आता तिची नखं बारीक कापतात, नाकपुडीत पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवतात. तरी तिचा हात नाकाकडे गेला की माझा जीव टांगणीला लागतो. माझ्यावरचे डागही निघाले नाहीत.

माणसांनो, एवढं ऐका. पोरीला आडवं करू नका, पुढे वाकू द्या. रक्त तिच्या पोटात नको, माझ्यावर पडू द्या. मला भीती वाटेल, ती माझी मी बघेन.